बाग, वाघ आणि बगीचा

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, कुक्षीच्या अलीकडे, विंध्याद्रीच्या उतारावर बाग नावाचे गाव आहे. गावाजवळून वाहणाऱ्या नदीला बाघिनी म्हणतात, आणि गावाचे नाव या नदीवरूनच पडले असे सांगतात. आता हिंदीत बाघ म्हणजे वाघ आणि बाग म्हणजे बगीचा. देवनागरीत लिहिले की घोटाळा मिटतो. इंग्रजीत मात्र तिन्हींना तीच चार अक्षरे : बी, ए, जी, एच. छायाचित्रे विकणाऱ्या एखाद्या परदेशी संकेतस्थळावर ही चार अक्षरे टंकून पाहावीत. प्रथम पट्ट्यापट्ट्यांचे वाघ येतात, मग बंगळूरचा लालबाग, दिल्लीचा करोल बाग, काश्मीरातले बगीचे. आमचे बाग, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांचे आणि ठशांच्या कापडाचे बाग, फार मागे कुठेतरी असते.

सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. एकाच गावाची दोन नावे, दोन लिप्या आणि इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगे घेऊन जगण्याची त्यांना सवय आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगाव सरकारदरबारी बेळगावी झाले, तेव्हा तिथल्या किल्ल्याचे चित्र विकू पाहणाऱ्यालाही दोन्ही नावे घालणे भाग पडले असेल. आमचीही तीच गत. घरात मराठी, दारात हिंदी, बाजारात निमाडी आणि भिली. पूर्वज पवारांच्या चाकरीत धारेस आले आणि इथलेच झाले. मी गेली काही वर्षे फावल्या वेळात या मुलखाची छायाचित्रे काढून विकतो. त्यातून जो अनुभव आला तो आजचा म्हणून सांगण्यासारखा आहेच. पण त्याची मुळे शोधू लागलो तेव्हा ती थेट १८७४ सालच्या इंदुरात जाऊन पोहोचली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी धंद्याचे स्वरूप सांगतो. ज्याला इंग्रजीत स्टॉक फोटो एजन्सी म्हणतात तिला आपण चित्रपेढी म्हणू. मागणी येण्यापूर्वीच काढून ठेवलेली हजारो, आता कोट्यवधी चित्रे तिच्या संग्रहात असतात. कुणाला पाठ्यपुस्तकासाठी लेणे हवे, कुणाला जाहिरातीसाठी हसरी शेतकरीण हवी. तो पेढीकडे येतो, पैसे भरतो आणि चित्र उतरवून घेतो. विकली जाते ती वापराची परवानगी. तेच चित्र उद्या आणखी शंभर जणांना देता येते. छायाचित्रकाराला त्या परवानगीच्या रकमेतला हिस्सा मिळतो. तो किती, हे पुढे येईलच.

इंदूरची गोष्ट लाला दीनदयाळ यांची. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत अंदाजपत्रके आणि नकाशे करण्याच्या कामावर लागले. कॅमेरा हाती घेतला १८७४ साली. मध्य भारतातले गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांनी प्रोत्साहन दिले. त्यांच्या मागून आलेले सर लेपेल ग्रिफिन त्यांना दौऱ्यावर घेऊन गेले. त्या दौऱ्यांतून मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रिफिनचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. त्यातली चित्रे दीनदयाळांची. पुढे निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली, सिकंदराबादेस आणि १८९६ मध्ये मुंबईस त्यांचे स्टुडिओ निघाले. राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढणारा छायाचित्रकार ही त्यांची ओळख सर्वांना आहे. मला त्यांच्या धंद्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मांडू, ग्वाल्हेर, सांची, ओंकार मांधाता अशा ठिकाणांची दृश्ये त्यांनी काढून ठेवली होती. प्रत्येक काचेला क्रमांक, काचेवरच खरडलेले स्थळाचे नाव आणि बहुधा स्वतःचेही नाव. साहेब मडमांना किंवा प्रवाशांना हवे ते दृश्य क्रमांकावरून मागवायचे, दुकानात त्याची प्रत काढून द्यायची. मागणीपूर्वी काढून ठेवलेले चित्र, यादी, क्रमांक, पुन्हा पुन्हा विक्री. चित्रपेढी याहून वेगळी काय असते? हा प्रकार त्यांनी शोधला असेही नाही. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि बोर्न अँड शेफर्ड या त्याच्या पेढीने हिमालयापासून दक्षिणेपर्यंतच्या दृश्यांची अशीच क्रमांकवार विक्री केली. कलकत्त्याची ती पेढी तगली थेट २०१६ पर्यंत. पण आमच्या मुलखात हा व्यापार आणला तो दीनदयाळांनी.

कष्ट किती होते, हे सांगायला हवे. सुरुवातीच्या ओल्या काचेच्या पद्धतीत जागेवरच तंबूत काचेला द्रावण चोपडायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. काचा, रसायने, पाणी, अंधारा तंबू, सगळे बैलगाडीवर. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात प्रत उमटवायची, म्हणजे पावसाळ्यात धंदा मंद. एक काच फुटली की एक दृश्य गेले. तरी एक गोष्ट त्यांच्या हाती होती, ती आज माझ्या हाती नाही. काच त्यांच्या फडताळात होती. जितक्या वेळा प्रत निघेल तितक्या वेळा पैसा त्यांच्याच गल्ल्यात पडे, आणि चित्र जाईल तिथे कोपऱ्यातले नाव बरोबर जाई. १९०५ मध्ये ते वारले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचा मिळवल्या. आज कुणी शोध घेऊ लागला तर क्रमांक आणि नाव घेऊन त्या काचा तिथे उभ्या आहेत.

पण ही नावे चित्र काढणाऱ्यांची. ज्यांची चित्रे काढली त्यांच्या नावांचे काय? याच काळात मुंबईत विल्यम जॉन्सन हा हौशी छायाचित्रकार होता. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीतला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्याच वर्तुळातले, आणि आरंभीच्या देशी छायाचित्रकारांपैकी एक. जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यातली युक्ती आजच्या माणसाला ओळखीची वाटेल : माणसांचे गट एके ठिकाणी उभे करून घेतले आणि त्यांच्या मागे दुसरीकडची दृश्ये जोडून दिली. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानच्या लोकांवर आठ खंड प्रसिद्ध केले, त्यात भिल्लही आहेत. चित्राखाली बहुतेक ठिकाणी जमातीचे नाव, क्वचित राहण्याचा प्रांत, आणि मग त्या जमातीच्या स्वभावाबद्दल साहेबाचे मत. समोर बसलेल्या माणसाला आईबापांनी काय नाव ठेवले होते, ते चित्राखाली यावे असे फारसे कुणाला वाटले नाही.

आणि खुद्द बागची कथा? १८१८ मध्ये लेफ्टनंट डेंजरफील्ड याने ही लेणी पाहिली आणि दोन वर्षांनी मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात त्यांचे वर्णन छापून आले. नऊ लेणी आहेत. अजिंठ्याचा दगड कठीण. इथला वाळूचा, ठिसूळ, मधूनमधून मातीचे थर असलेला. त्यामुळे काही लेणी पार ढासळली. उरलेल्यांत साधूबैराग्यांच्या धुनीचा धूर आणि झिरपणारे पाणी यांनी चित्रे काळवंडली. चौथे लेणे ‘रंगमहाल’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या आणि पाचव्याच्या समाईक ओसरीच्या भिंतीवर हत्तीघोड्यांची मिरवणूक होती, टिपऱ्या वाजवीत फेर धरणाऱ्या स्त्रिया होत्या. होत्या, असेच म्हणावे लागते.

बाग तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे, म्हणजे आपल्यातलेच. भिंतीवरची चित्रे फार दिवस टिकणार नाहीत हे ओळखून १९२१ मध्ये संस्थानने त्यांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर हे बंगालचे नामवंत चित्रकार त्यासाठी आले. हे सगळ्यांना माहीत असते. त्यांच्याबरोबर त्याच अंधारात, त्याच ओल्या भिंतींसमोर बसून नकला करणाऱ्यांत आपटे, भोसले, जगताप हे मराठी चित्रकारही होते, हे फारसे कुणाला माहीत नसते. लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्वाल्हेरच्या खात्याच्या साह्याने १९२७ मध्ये बागच्या लेण्यांवर ग्रंथ काढला, त्यात सर जॉन मार्शल, फोगेल, हॅवेल यांच्याबरोबर गर्द्यांचेही लेखन आहे आणि नकला करणाऱ्यांची नावेही आहेत. पुढे त्या नकला पुस्तकांतून, मासिकांतून, दिनदर्शिकांतून फिरल्या. प्रत्येक फेरीत खालची ओळ आखूड होत गेली. आधी गर्दे गेले, मग आपटे-भोसले-जगताप, मग ‘नक्कल’ हा शब्द. शेवटी उरले ते ‘बाग चित्र, पाचवे-सहावे शतक’ एवढेच. १९८२ मध्ये भिंतीवर शिल्लक असलेली बरीचशी चित्रेही जतनासाठी काढून घेण्यात आली. आता रंगमहालात उभे राहून त्या मिरवणुकीचे छायाचित्र घेऊ म्हटले तर घेता येणार नाही. ज्याला लोक बागचे चित्र म्हणून ओळखतात ते बहुधा १९२१ सालच्या कुणा कलावंताच्या हातचे असते.

चित्रांच्या व्यापाराला आजचे रूप आले ते पश्चिमेत. ऑटो बेटमन हा ग्रंथपाल हिटलरच्या जर्मनीतून पेटाऱ्यांत चित्रे भरून १९३५ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि त्याने त्या संग्रहाची पेढी काढली. साठ वर्षांनी, १९९५ मध्ये, बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीने ती विकत घेतली. आपल्याकडे मुंबईत जगदीश अगरवाल यांची दिनोदिया ही पेढी १९८७ पासूनची. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना पारदर्शिकांचे प्लास्टिकचे ताव आठवत असतील. एकेका तावात वीस चौकटी, जाहिरात कंपनीकडे माणसाबरोबर पाठवायच्या, भिंगातून बघून एक निवडायची, बाकीच्या परत. एक चित्र गेले तर पाचशे-हजारात जाई आणि वर्षभर लोक त्याच्याविषयी बोलत. मग २००० साली आयस्टॉकफोटो निघाले, तेही आरंभी चित्रांची फुकट देवघेव म्हणून. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंगर यांनी स्वतःची ३०,००० चित्रे टाकून शटरस्टॉक सुरू केले आणि मासिक वर्गणीत हवी तेवढी चित्रे, हा प्रकार रूढ केला. गेटी इमेजेसने २००६ मध्ये पाच कोटी डॉलर देऊन आयस्टॉक घेतले.

खेड्यातल्या माणसाला दार उघडले ते यामुळेच, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी धारच्या छायाचित्रकाराला मुंबईच्या पेढीत ओळख काढावी लागे. आता बागच्या एस.टी. थांब्यावरून मोबाइलवरून चित्र न्यूयॉर्कला जाते. (मध्य प्रदेशचे परिवहन महामंडळ कधीच बंद पडले, तरी आम्ही मराठी माणसे थांब्याला एस.टी.चाच म्हणतो.) दार उघडले, पण उंबरठ्यावर मिळणारा मोबदला आटत गेला. वर्गणीतल्या एका उतरवणीला शटरस्टॉक पूर्वी पंचवीस ते अडतीस सेंट देई. जून २०२० पासून टक्केवारीची पद्धत आली : पंधरापासून चाळीस टक्क्यांपर्यंत पायऱ्या, किमान मोबदला दहा सेंट, आणि दर १ जानेवारीला सर्वजण पुन्हा पहिल्या पायरीवर. जगभरच्या छायाचित्रकारांनी निषेध म्हणून आपली चित्रे काढून घेतली. पद्धत बदलली नाही. दहा सेंट म्हणजे आठ-नऊ रुपये. त्यातून अमेरिकेतल्या विक्रीवर कर कापला जातो; डब्ल्यू-८बेन नावाचा कागद भरला तर भारत-अमेरिका करारानुसार पंधरा टक्के, न भरला तर तीस. धारेत त्या पैशांत पोह्यांची प्लेटही येत नाही, जिलबी तर सोडाच. शिवाय ठरावीक रक्कम साचल्याखेरीज पैसे हाती पडत नाहीत. माझे एक खाते तीन दिवाळ्या त्या रकमेच्या अलीकडेच घुटमळत होते.

आता रोजची कटकट. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परवानगीवाचून तिपाई लावता येत नाही. आत उजेड नाही. हातात कॅमेरा धरून काढलेल्या चित्राला रवाळपणा येतो, आणि पेढीचा परीक्षक, जो आता बहुतेक वेळा माणूस नसून यंत्रच असतो, एका ओळीत कळवतो : रवाळ आहे, नाकारले. रवाळपणा काढला तर कळवतो : तपशील पुसट, नाकारले. तीन खांबांची तीन चित्रे पाठवली तर : एकसारखी आहेत, नाकारले. बौद्ध विहाराचे खांब एकसारखे असतात, याला मी काय करणार!

मग भगोरिया. होळीच्या आधीच्या आठवड्यात या टापूत ठिकठिकाणी हाट भरतात. ढोल, मांदळ, बासरी, एकाच रंगाच्या साड्या नेसून आलेल्या भिल्ल-भिलाला मुलींचे जथे, चांदीचे दागिने. या मुलखातले याहून विक्रीयोग्य चित्र नाही आणि शहरातले कॅमेरेवाले मोटारी भरभरून येतात. पण ओळखू येणारा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर त्या व्यक्तीचे सही केलेले संमतिपत्र लागते. काही पेढ्यांना साक्षीदाराचीही सही लागते. नियम मला योग्य वाटतो. आठ खंडांतल्या भिल्लांना कुणी विचारले नव्हते, इथे निदान विचारावे लागते. अडचण अशी की तो कागद इंग्रजी कायद्याच्या भाषेत आहे. गुळाच्या जिलबीसाठी पैसे मोजत उभ्या असलेल्या मुलीला मी तो भिलीत कसा समजावणार? तुझा चेहरा जगात कुठल्याही वस्तूवर लागू शकेल, तुझे नाव येणार नाही, आणि मला आठ रुपये मिळतील, असा त्याचा सरळ अर्थ. हा अर्थ सांगितल्यावर एका मुलीने मला विचारले, “आणि मला?” मी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. तेव्हापासून भगोरियाची चित्रे मी ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ या खणात टाकतो. वृत्तपत्रे आणि पाठ्यपुस्तके तेवढी ती घेऊ शकतात. अर्थातच विक्री नगण्य.

बागच्या कापडाचे दुखणे वेगळे. ठशांचे काम करणारी खत्री कुटुंबे मुळची सिंधमधल्या लारकाना भागातली. मनावरहून ती १९६२ च्या सुमारास बागला स्थिरावली, बाघिनीचे पाणी रंगाला मानवते म्हणून. इस्माईल सुलेमान खत्री यांनी या कलेला नाव मिळवून दिले. कापड मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांत मळायचे, हरड्याच्या पाण्यात बुडवायचे, लोखंडाच्या गंजाचा काळा आणि तुरटीचा लाल सागवानी ठशांनी उमटवायचा, नदीत धुवायचे, मग तांब्याच्या हंड्यात धावड्याच्या फुलांसह उकळायचे. ‘बाग प्रिंट’ला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे. या कामाचे चित्र पाठवले की पेढी विचारते : कापडावरील नक्षीच्या मालकाचे संमतिपत्र कुठे? आता आजोबा-पणजोबांच्या ठशाचा मालक कोण म्हणून लिहायचे? आणि कारागिराची भीती याच्या उलट टोकाची आहे. स्वच्छ, समोरून घेतलेले मोठे चित्र म्हणजे नक्षीची आयती प्रत. ती उतरवून कुठल्याही गिरणीत यंत्राने छापता येते. म्हणून मी कापड सपाट धरून चित्र काढत नाही. वाऱ्यावर वाळणारे, चुण्या पडलेले काढतो. परीक्षक म्हणतो, विषय स्पष्ट नाही.

चित्राबरोबर पन्नासेक शब्द द्यावे लागतात, तेही इंग्रजीत. शोध त्या शब्दांवरून लागतो. खरे शब्द दिले, म्हणजे बाग, बाघिनी, धावडा, खत्री, भिलाला, तर कुणी शोधत नाही. कारण शोधणाऱ्याला ते ठाऊकच नसतात. ‘आदिवासी’, ‘गरिबी’, ‘पारंपरिक’, ‘रंगीबेरंगी भारत’ हे घातले की चित्र चालते. दीडशे वर्षांपूर्वी जमातीचे नाव तरी लिहीत. आपल्या कायद्याने नावाचा हक्क दिलेला आहे : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातले ५७ वे कलम कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचे संरक्षणही इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे चालते. पण पेढीच्या परवान्यात जाहिरातीखाली नाव देण्याची सक्ती बहुधा नसते, आणि खाते उघडताना आपण ते मान्य करूनच पुढे गेलेलो असतो. माझे बाघिनीकाठचे एक चित्र एका शाम्पूच्या जाहिरातीत पाहिल्याचे भाच्याने कळवले. नदी ओळखू आली ती काठावरच्या कापडामुळे. खाली लिहिले होते, ‘हिमालयाची शुद्धता’.

अलीकडे यंत्रे स्वतःच चित्रे रचू लागली आहेत. त्यांना शिकवायला जुनी चित्रे लागतात, ती याच पेढ्यांच्या साठ्यातली. गेटी इमेजेसने स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा लावला. यंत्राने रचलेल्या काही चित्रांत गेटीचा शिक्का वेडावाकडा, वितळल्यासारखा उमटला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला : प्रताधिकाराचा मुख्य मुद्दा टिकला नाही, आणि गेटीला यश मिळाले ते फक्त त्या विद्रूप शिक्क्यापुरते, व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली. म्हणजे पेढीच्या नावाचा मान मर्यादित का होईना राखला गेला. त्या चित्रांखालच्या छायाचित्रकारांचा प्रश्न तिथे आलाच नाही.

मीही एकदा तसल्या यंत्राला बागच्या लेण्यातली फेर धरणाऱ्या स्त्रियांची मिरवणूक काढायला सांगितले. इंग्रजीत, त्याच चार अक्षरांनी. क्षणात चित्र आले. रंग अजिंठ्याचे, स्त्रिया बऱ्याच सुरेख, टिपऱ्याही होत्या. आणि मिरवणुकीच्या पुढे, सोन्याची साखळी घातलेला, एक वाघ चालला होता.